इंजिन कशावर टेकलेले असते? जुन्या गाडीच्या माउंटिंगविषयी

ठाण्यातल्या माजिवडा नाक्याच्या सिग्नलला गाडी उभी आहे, एसी चालू आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि आतल्या आरशात मागच्या रिक्षाचा दिवा एकसंध न दिसता थरथरून फाटल्यासारखा दिसतो आहे. सिग्नल सुटून गाडी चालू लागली की आरसा स्थिर होतो आणि आपण ती गोष्ट विसरतो. कापूरबावडीला पुन्हा थांबावे लागले की आरसाही पुन्हा थरथरू लागतो. दहा-बारा वर्षांपेक्षा जुनी गाडी वापरणाऱ्यांना या थरथरीची इतकी सवय होते की ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. प्रत्यक्षात तिचे कारण बऱ्याच वेळा मुठीएवढ्या एका रबराच्या तुकड्यात असते.

गॅरेजमध्ये या भागाला कोणी ‘माउंटिंग’ म्हणते, तर कोणी ‘फाउंडेशन’. दुसरा शब्द इमारतीच्या पायावरून आलेला असला तरी तो थोडा फसवा आहे, कारण पायाने हलता कामा नये आणि माउंटिंगने मात्र ठरावीक मर्यादेत हलायचेच असते. एक धातूची पट्टी इंजिनाला, दुसरी गाडीच्या सांगाड्याला आणि त्या दोघींच्या मध्ये कारखान्यातच चिकटवून घट्ट केलेले रबर, एवढीच त्याची रचना. लहान गाड्यांत अशी माउंटिंगे सहसा तीन किंवा चार असतात आणि गिअरबॉक्ससह शंभर-दीडशे किलोंचे इंजिन त्यांच्यावरच विसावलेले असते. दुसरा कोणताही आधार त्याला नसतो.

माझ्याकडे २००९ साली ठाण्यात नोंदलेली, एम.एच. ०४ क्रमांकाची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पर्यावरण कर भरून तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्याच सुमारास एक नवे लक्षण दिसू लागले: सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे काढताना, रिव्हर्समध्ये क्लच सोडताच, पायाखालच्या पत्र्याला कोणी आतून हातोडी मारावी तसा ‘धप्प’ आवाज येई. एका गॅरेजने क्लच गेल्याचे निदान केले आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग असा सगळा संच बदलून दिला. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी धक्का जसाच्या तसा होता. ते निदान अगदीच निराधार नव्हते, हे मला पुढे कळले. मात्र क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि गिअरबॉक्स उतरवण्यासाठी माउंटिंग सोडावे लागते. म्हणजे माउंटिंगे तपासण्याची संधी त्या मिस्त्रींच्या हातात येऊनही, ती कोणी न पाहताच, सगळे पुन्हा जागच्या जागी बसवले गेले होते.

या रबराकडून आपण काय अपेक्षा करतो, हे समजले की बाकीचे सगळे आपोआप उलगडत जाते. अपेक्षा दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. गाडी उभी असताना इंजिनाची थरथर सांगाड्यापर्यंत पोहोचू नये म्हणून रबर मऊ हवे. गाडी जोराने निघताना इंजिन जागेवरून उसळू नये म्हणून तेच रबर कडक हवे. माउंटिंगची सगळी रचना म्हणजे या दोन मागण्यांमधली तडजोड आहे, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही तडजोड विशेष अवघड होते.

त्यामागचे कारण पाहण्यासाठी जुन्या प्रीमियर पद्मिनीची आठवण काढू. पद्मिनीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले होते आणि ताकद मागच्या चाकांना जात असे. इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), गिअरबॉक्समध्ये वाढायचा, लांब शाफ्टमधून मागे जायचा आणि तिथल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे तो दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीत, आणखी वाढायचा. प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम इथेही सुटत नाही. पण पद्मिनीत ती प्रतिक्रिया वाटली जात असे. गिअरबॉक्सपर्यंतचा हिस्सा इंजिनाच्या माउंटिंगने सोसायचा आणि डिफरन्शियलने वाढवलेला हिस्सा मागच्या अ‍ॅक्सलच्या पाट्यांनी (लीफ स्प्रिंगांनी). डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याकडे इंजिन आडवे बसवण्याची आणि पुढची चाके चालवण्याची पद्धत सर्वसामान्य झाली. जगात ती त्याआधीच रूढ झाली होती. १९५९ च्या मिनी गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या तळाशी होता, तर फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलामध्ये तो इंजिनाच्या शेजारी, एका रेषेत बसवला. आज बहुतेक छोट्या गाड्यांत दिसते ती हीच दुसरी मांडणी. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे तिन्ही मिळून एकच गाठोडे असते, आणि चाकांना मिळणाऱ्या संपूर्ण पिळाची प्रतिक्रिया त्या एका गाठोड्याच्या माउंटिंगवर येते.

हा फरक किती मोठा आहे हे आकड्यांत पाहिलेले बरे. समजा, इंजिनाचा पीळ ११० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आहे आणि डिफरन्शियलचे ४.१. पद्मिनीसारख्या मांडणीत इंजिनाच्या माउंटिंगवर येणारी प्रतिक्रिया ११० गुणिले ३.५, म्हणजे ३८५ न्यूटन-मीटर. आडव्या इंजिनाच्या गाडीत तीच ११० गुणिले ३.५ गुणिले ४.१, म्हणजे जवळजवळ १,५८० न्यूटन-मीटर. इंजिन तेवढ्याच ताकदीचे, पण रबरावरचा ताण चौपट. जुन्या अँबॅसिडर-पद्मिनीवर हात बसलेले काही मिस्त्री माउंटिंगला ‘साधा रबर’ म्हणून दुय्यम समजत, त्याचे मूळ कदाचित इथे असावे.

या प्रतिक्रियेची दिशाही लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तपासणी करताना ती उपयोगी पडते. गाडी पुढे निघताना चाके पुढच्या बाजूला फिरतात, म्हणून इंजिनाचे गाठोडे उलट, म्हणजे मागच्या बाजूला कलते. त्याचा माथा ड्रायव्हरच्या दिशेने येतो आणि तळ रेडिएटरच्या दिशेने जातो. रिव्हर्समध्ये हेच उलटे घडते. दिवसभरात गाडी पुढे किती वेळा निघते आणि मागे किती वेळा जाते याचा विचार केला, तर एकाच दिशेने दाबून दाबून रबर आपला आकार कसा सोडते, हे कळते. मग रिव्हर्स टाकल्यावर इंजिनाला मधली रिकामी झालेली जागा ओलांडून पलीकडे आदळावे लागते. माझ्या गाडीतला ‘धप्प’ आवाज तोच होता.

आता थरथरीकडे वळू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांनी इंजिन रेंगाळत असेल तर सेकंदाला सुमारे २७ ठोके पडतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्याला दीड स्फोट, म्हणजे त्याच वेगाला सेकंदाला २० ठोके. दुसरीकडे, रबरावर टेकलेल्या इंजिनाची स्वतःचीही एक डुलण्याची लय असते, जशी झोपाळ्याला असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा हात लावत राहिले तरी तो उंच जातो; त्याच्या लयीपेक्षा फार भरभर हात मारत राहिले तर तो जवळजवळ जागचा हलत नाही. माउंटिंगचे काम इंजिनाची लय ठोक्यांच्या गतीपेक्षा बरीच खाली ठेवणे हे आहे. ठोके त्या लयीच्या निदान दीडपट आणि शक्यतो दुप्पट वेगाने पडावेत. रबर मऊ आहे तोवर हे साधते. रबर दबून धातूला धातू लागला की तो आधार एकाएकी कडक होतो, लय वर चढते, ठोक्यांच्या गतीला येऊन भिडते आणि सीट, स्टीअरिंग, आरसा असे सगळे झोपाळ्यासारखे त्यात सामील होतात. तीन सिलिंडरच्या गाड्यांत ठोके मुळातच संथ असल्यामुळे त्यांच्याकडे चुकीला जागा कमी असते. एसी लावल्यावर थरथर वाढते ती कॉम्प्रेसरचे ओझे ओढण्यासाठी प्रत्येक स्फोट अधिक जोराचा व्हावा लागतो म्हणून. कार्ब्युरेटरच्या काळात अशा तक्रारीवर आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन रेंगाळण्याच्या वेगाचा, स्क्रू थोडा फिरवून देण्याची युक्ती सर्रास चाले; ठोके भरभर पडू लागत, थरथर नाहीशी होई आणि गिऱ्हाईक खूश होऊन पेट्रोल जाळत राही.

मऊ आणि कडक या भांडणावर अभियंत्यांनी दोन चांगले तोडगे काढले आहेत. पहिला तोडगा कामाच्या वाटणीचा आहे. दोन मोठी माउंटिंगे उंचावर, इंजिनाच्या दोन टोकांना लावायची, त्यांनी फक्त वजन पेलायचे, आणि खाली डंबेलच्या आकाराची एक टॉर्क रॉड लावून तिने फक्त पीळ अडवायचा. इंजिन वरून टांगलेल्या लंबकासारखे राहते. दुसरा तोडगा रबराच्या पोटात द्रव भरण्याचा आहे. अशा हायड्रॉलिक माउंटिंगमध्ये दोन कप्पे असतात आणि ते एका अरुंद, वळणावळणाच्या वाटेने जोडलेले असतात. इंजिन जास्त आणि सावकाश हलले, उदाहरणार्थ खड्ड्यात चाक गेल्यावर, तर द्रवाला त्या वाटेने कष्टाने जावे लागते आणि हालचाल तिथेच विरते. आयडलची बारीक, जलद थरथर मात्र मधला पातळ पडदा लवून सहज पचवतो. ही रचना फुटली तर आतला द्रव गळून जातो आणि मग उरलेले पोकळ रबर साध्या माउंटिंगपेक्षाही वाईट वागते.

रबर मरते ते प्रामुख्याने उष्णता, तेल आणि काळ या तिघांमुळे. माउंटिंगसाठी बहुधा नैसर्गिक रबर वापरले जाते, कारण वारंवार ताणले जाऊनही न थकण्यात ते उजवे असते. पण खनिज तेल लागले की ते फुगते आणि लिबलिबीत होते, आणि सतत तापत राहिले की कडक होऊन तडकते. घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात अवजड वाहनांच्या मागे तासभर अडकलेल्या गाडीच्या बोनेटखाली वारा शिरत नाही, आणि एक्झॉस्टच्या जवळ बसलेले माउंटिंग तेवढा वेळ भाजत राहते. त्यात टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग गेलेले असले तर तेलाचा एक बारीक ओघळ नेमका टायमिंगच्या बाजूच्या, म्हणजे टायमिंगचा पट्टा किंवा साखळी असलेल्या टोकाच्या, माउंटिंगवर उतरतो. असे गळते तेल न थांबवता नवे माउंटिंग लावणे म्हणजे ते जाणूनबुजून तेलात भिजवणे आहे. पावसाळ्यातले पाणी रबराला फारसे त्रास देत नाही, पण धातूची पट्टी गंजली की रबर आणि धातू यांच्यातली पकड सुटते. एका गोष्टीवर मात्र मी जरा कडक बोलेन: गाडी धुऊन झाल्यावर खालून डिझेल किंवा जुने तेल फवारून ‘चमक’ आणण्याची जी पद्धत अजून काही वॉशिंग सेंटरांवर दिसते, ती गाडीच्या प्रत्येक रबरी बुशाचे (जोडात बसवलेल्या रबरी नळकांड्याचे) आयुष्य कमी करते, आणि तिला स्पष्ट नकार द्यावा.

एक माउंटिंग गेले की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो, आणि तोही वेड्यावाकड्या कोनात. इंजिन एका बाजूला दोन-चार मिलिमीटर खचते, एक्झॉस्टचा लवचीक पाइप सतत वाकून शेवटी फाटतो, ड्राइव्ह शाफ्टचे आतले जॉइंट त्यांच्या नेहमीच्या जागेपासून सरकून काम करू लागतात, कूलंटचे होज कुठेतरी घासू लागतात. यांपैकी एकेक तक्रार सुटी घेऊन, सुटा खर्च करत वर्षभर फिरणारे गाडीमालक मी पाहिले आहेत. मीही काही काळ त्यांच्यातच होतो.

आता क्लचच्या त्या निदानाविषयी. अनेक जुन्या गाड्यांत क्लच तारेवर चालतो. तारेचे एक टोक पेडलला, म्हणजे सांगाड्याला, आणि दुसरे गिअरबॉक्सला अडकवलेले असते. क्लच सोडताना इंजिन मर्यादेपलीकडे डोलले की तार आपोआप ताणली आणि सैल केली जाते, क्लच क्षणभर सुटतो, पुन्हा पकडतो, त्याने इंजिन पुन्हा डोलते, आणि गाडी उड्या मारल्यासारखी निघते. हे लक्षण क्लच प्लेट खराब झाल्यासारखेच असते, त्यामुळे मिस्त्री फसू शकतो. गिअर लिव्हरही कांबीने जोडलेला असेल तर तो हाताशिवाय पुढेमागे होताना दिसतो, आणि हे चिन्ह माउंटिंगकडे अधिक स्पष्ट बोट दाखवते, कारण निव्वळ क्लच खराब असेल तर लिव्हर असा नाचत नाही. उलट, इंजिन मिसफायर होत असेल, एखादा स्पार्क प्लग किंवा कॉइल दुबळी असेल, तर आयडलची थरथर ठेक्यात न येता अडखळत येते. अशा वेळी आधी प्लग पाहावेत, कारण ते काढून पाहायला अर्धा तास पुरतो. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना ‘कट कट’ आवाज येत असेल तर दोष ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा, आणि खड्ड्यातच ‘खडखड’ होत असेल तर सस्पेन्शनचा. माउंटिंगचा धक्का रस्त्याशी नव्हे, पिळाच्या बदलाशी बांधलेला असतो: क्लच सोडताना, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताना, किंवा ऑटोमॅटिक गाडीत डीवरून (पुढे) आरवर (रिव्हर्स) नेताना.

वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीतल्या मिस्त्रींनी माझ्या गाडीची तपासणी केली ती पाच मिनिटांची होती. बोनेट उघडून ते गाडीच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून ठेवा, आणि रिव्हर्स टाकून क्लच अर्धाच सोडा. मी ‘बस’ म्हटलं की लगेच दाबायचा. मागे-पुढे कुणी नाही ना, बघा आधी.” मी क्लच सोडू लागताच इंजिनाचा माथा रेडिएटरकडे झुकला आणि टायमिंगच्या बाजूला ते चक्क दोन बोटे वर उचलले गेले. नंतर पहिल्या गिअरमध्ये तसेच केल्यावर ते मागे गेले, पण तितके नाही. सर्वसाधारणपणे दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतची हालचाल चालते. त्याहून अधिक असेल, किंवा हालचालीच्या शेवटी ठोका ऐकू येत असेल, तर माउंटिंग गेलेले आहे असे समजायला हरकत नाही. ही तपासणी दोघांनीच करावी, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे नसावे, आणि ब्रेकवर भरवसा नसेल तर ती करूच नये. ऑटोमॅटिक गाडीत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोर देऊ नये, कारण त्या काळात सगळी ताकद गिअरबॉक्सचे तेल तापवण्यात जाते.

यानंतर टॉर्च घेऊन डोळ्यांनी पाहावे. रबराच्या पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या बारीक भेगा म्हणजे निकाल नव्हे. सात-आठ वर्षांच्या बहुतेक रबरांवर त्या असतात. धातूपासून सुटलेले रबर, आरपार गेलेली चीर, एकीकडे बसलेला मधला बुश, किंवा हायड्रॉलिक माउंटिंगखाली साचलेला काळपट चिकट डाग, ही खरी चिन्हे. कधीकधी धातूवर एखादी जागा आरशासारखी चकाकताना दिसते. तिथे धातू धातूला घासतो आहे.

सुटा भाग विकत घेताना कंपनीचा किंवा तिला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचा घ्यावा, असा माझा स्पष्ट कल आहे, आणि त्याचे कारण ब्रँडचा अभिमान नव्हे. माउंटिंगमध्ये महत्त्वाचा असतो तो रबराचा कडकपणा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त नकलेत आकार हुबेहूब आणि रबर दगडासारखे, असे सहज होते, आणि मग नवे माउंटिंग लावूनही थरथर वाढते. साधे रबरी माउंटिंग शेकड्यांत येते, हायड्रॉलिक हजारांत जाते, आणि म्हणूनच हायड्रॉलिकच्या जागी त्याच मापाचे साधे बसवण्याचा सल्ला मिळतो. ते बसते, चालतेही, पण आयडलला ते जाणवत राहते. शर्यतीच्या गाड्यांसाठी मिळणारी पॉलियुरेथेनची माउंटिंगे फार कडक असतात, म्हणून ती रोजच्या गाडीला लावू नयेत. फाटलेल्या माउंटिंगच्या पोकळीत सीलंट भरून ते ‘पुन्हा नवे’ करण्याचा जुगाडही त्याच जातीचा आहे: पोकळी ही चूक नसते, रबराला हलायला मुद्दाम ठेवलेली जागा असते.

एकच बदलावे की सगळी, हा प्रश्न नेहमी येतो. गाडी पंधरा वर्षांची असेल आणि सगळी माउंटिंगे मूळची असतील तर मी सगळी बदलेन, कारण वाकडे ओझे सोसलेली उरलेली दोन फार दिवस टिकत नाहीत आणि मजुरी पुन्हा द्यावी लागते. गाडी सात वर्षांची असेल आणि एकाच माउंटिंगवर तेल गळून ते गेले असेल, तर तेवढेच बदलणे पुरेसे आहे.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम समजायला सोपे असले तरी त्यात इंजिन अधांतरी असते, म्हणून ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदाच करून पाहण्याजोगे नाही. आपण स्वतः न करता शेजारी उभे राहून पाहत असलो तरी काय व्हायला हवे हे माहीत असावे. जमीन सपाट आणि इंजिन थंड हवे, मागच्या चाकांना अडणी हवी, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटलेली हवी. गाडी उचलायची असेल तर ती घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवलेली हवी. जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. इंजिनाला आधार दोन प्रकारे देता येतो: वरून आडव्या दांड्याला साखळीने टांगून, किंवा खालून चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, जॅक लावून. खालून लावताना जॅक आणि चेंबर यांच्यामध्ये रुंद लाकडी फळी हवीच. पत्र्याचे चेंबर दबले तर आतल्या तेलाच्या जाळीची वाट अरुंद होते आणि इंजिनाला तेल कमी पडते. अ‍ॅल्युमिनियमचे चेंबर तर सरळ तडकते. वागळे इस्टेटच्या त्या मिस्त्रींकडे प्लायवूडचे तीन थर चिकटवून केलेला, तेल पिऊन काळा झालेला एक ठोकळा होता, आणि त्याला ते हातोडीपेक्षा जास्त जपत होते.

जॅकने इंजिन उचलायचे नसते, फक्त त्याचे वजन पेलायचे असते. हे बरोबर झाले की नाही याची खूण त्यांनी मला हाताने दाखवली. १७ च्या गोटीने (सॉकेटने) बोल्ट सैल केला आणि नंतर तो बोटांनी फिरवून पाहिला. फिरेना, तेव्हा जॅक अर्धा दाब वर घेतला, पुन्हा बोटे लावली, आणि बोल्ट अलगद निघून आला. बोल्ट अडतो तोवर त्याच्यावर आडवे वजन असते. त्याच स्थितीत तो जोर लावून ओढला तर अ‍ॅल्युमिनियमच्या भोकातले आटे त्याच्याबरोबर येतात, आणि मग शंभर रुपयांच्या कामाचे काही हजारांचे होते.

एका वेळी एकच माउंटिंग काढावे. ते बसवून झाल्यावरच पुढच्याला हात लावावा, म्हणजे इंजिन आपली जागा विसरत नाही. काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवले की कोणती पट्टी कोणत्या बाजूला होती हा वाद उरत नाही. इंजिन खाली करावे लागलेच तर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त करू नये, आणि ते करताना एसीचे पाइप, वायरिंग, रेडिएटरचे होज आणि एक्झॉस्टचा लवचीक भाग यांच्यावर एकाने नजर ठेवावी. फार खाली आणले तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ताणला जाऊन सुटूही शकतो. माझ्या गाडीचे टायमिंगच्या बाजूचे जुने माउंटिंग बाहेर आल्यावर मिस्त्रींनी ते नव्याच्या शेजारी बाकावर ठेवले. मधला बुश नव्यापेक्षा आठ मिलिमीटर खाली बसला होता, रबराच्या एका बाजूची चीर करंगळी जाईल एवढी होती, आणि तिच्या तळाशी बारीक तपकिरी भुकटी साचली होती.

नवे माउंटिंग बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने, निदान चार-पाच आटे धरतील इतके फिरवावेत आणि एकही घट्ट करू नये. यापुढची पायरी मला या कामातली सर्वांत महत्त्वाची वाटते आणि घाईत हीच चुकते. टॉर्क रॉडच्या किंवा बुशाच्या आत धातूची एक नळी असते, आणि तिला रबर कायमचे चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की ती नळी त्या क्षणी ज्या कोनात असेल त्या कोनात जखडली जाते. इंजिन अजून जॅकवर उचललेले असताना बोल्ट आवळले आणि नंतर जॅक काढला, तर इंजिन खाली बसते आणि रबर पिळलेल्या अवस्थेत राहते. नवीन असूनही ते एका बाजूला ताणलेले, म्हणून कडक, आणि एका बाजूने झिजायला आधीच सुरुवात झालेले. म्हणून आधी जॅक सावकाश काढून सगळे वजन माउंटिंगवर येऊ द्यावे, इंजिन दोन्ही हातांनी पुढेमागे तीन-चार वेळा हलवून ते आपल्या नैसर्गिक जागी बसू द्यावे, आणि मगच बोल्ट आवळावेत; वजन पेलणारे आधी, टॉर्क रॉडचे शेवटी. कोणता बोल्ट किती आवळायचा हे त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि त्यासाठी टॉर्क रेंच वापरावा. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. तसे लिहिलेले असेल तर नवे घ्यावेत.

गाडी चालू केल्यावर पहिल्या दिवशी थरथर अगदी शून्य झाली नाही म्हणून नाराज होऊ नये, कारण नवे रबर सुरुवातीला थोडे ताठ असते. पाचशे-हजार किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासून घ्यावेत. क्लचच्या तारेची आणि गिअरच्या जोडणीची ओढही पाहावी, कारण खचलेल्या इंजिनाप्रमाणे ती आधी कोणी जुळवून घेतलेली असू शकते.

माझ्या गाडीत रिव्हर्सचा धक्का त्याच दिवशी गेला, आरसाही शांत झाला, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एका ठरावीक वेगाला एक खोल घुमारा ऐकू येऊ लागला, जो पूर्वी कधी नव्हता. गाडी परत नेली. इंजिन आठ मिलिमीटर वर आले होते आणि एक्झॉस्टचा पाइप मात्र जुन्या, खचलेल्या इंजिनाच्या उंचीला जुळवून आवळलेला होता. त्यामुळे तो मधल्या पट्टीला टेकत होता. मिस्त्रींनी जोडाचे दोन नट सैल केले, पाइप हाताने हलवून त्याला त्याची जागा घेऊ दिली, आणि पुन्हा आवळले. परतताना ऐरोलीपर्यंत मी मुद्दाम तिसऱ्याच गिअरमध्ये आलो.